टिपणिसांच्या बरणीतले वाल

१

चोरी कशाचीही होवो, खरे तर ती विश्वासाची होत असते, असे विचारी लोक सांगत आले आहेत. कर्जतला आमच्या आळीत भाऊबिजेच्या सकाळी जी उघडकीला आली, ती वालांची होती. कडव्या वालांची. ओंजळभर. एवढ्याशा वालांना बाजारात दुकानदाराने पुडीसुद्धा बांधून दिली नसती.

मी अंघोळ करून, धुतलेले धोतर नेसून शेजारच्या अण्णा टिपणिसांच्या पडवीत गेलो, तेव्हा अण्णा चिनी मातीची लहानशी बरणी मांडीवर घेऊन बसले होते. मला पाहून त्यांनी ती उपडी केली. आतून काही पडले नाही. बरणी लख्ख होती. तळाला धुळीचा कणसुद्धा नव्हता.

"काल तुम्ही बघितलेत," अण्णा म्हणाले. "तुमच्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं."

मी वकील आहे. समोरच्याचे वाक्य कुठे चालले आहे ते मला लवकर कळते. स्वतःच्या वाक्याचे तसे होत नाही. मी "पण" एवढेच म्हणालो. तोवर अण्णा उठले, आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतले. सणाच्या दिवशी लावलेले दार आमच्या आळीने पाहिले नव्हते. समोरच्या ओट्यावर राखुंडीने दात घासणारे घासायचे थांबले.

त्या दारातून आत जायला मला दोन दिवाळ्या लागल्या होत्या.

२

मला बिया जमवण्याचा नाद आहे. पुण्याला कॉलेजात असताना तो लागला. पुढे पदवी मिळाली, सनद मिळाली, पक्षकार बेताचे मिळाले. नाद मात्र भरपूर राहिला. गुंजा, सागरगोटे, रिठे, खाजकुहिली, जे दिसेल ते मी औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत भरून माडीवर मांडून ठेवतो. यात वाईट काही नाही. वाईट एवढेच की बी तळहातावर घेऊन "हे बघा" म्हणायला समोर कोणीतरी लागते. आमच्याकडे समोर गोदा, म्हणजे माझी बायको. ती बघे. बघून "बरं" म्हणे आणि पान वाढायला घेई. पक्षकारांना एकदोनदा दाखवून पाहिल्या. त्यांना वाटले, फी वाढवायची ही नवी रीत असावी.

मग एका सकाळी माडीच्या खिडकीतून शेजारचे अंगण दिसले. जंगलखात्याची पेन्शन घेऊन घरी बसलेले अण्णा सुपात बिया वाळवत होते आणि एकेक बी उचलून उजेडात धरून बघत होते. खायच्या बियांकडे माणूस असा बघत नाही. मी खिडकीत उभाच राहिलो. खाली चहा निवून गेला. या एवढ्या आळीत, एका दगडी गडग्याच्या अंतरावर, माझ्यासारखाच वेडा इतकी वर्षे नांदत होता आणि मला पत्ता नव्हता.

हाक मारायची तर अडचण होती. त्या गडग्यावरच्या शेवग्यावरून माझे वडील आणि अण्णा यांचे बोलणे तुटले होते. पुढे वडील गेले, वादळात शेवगा गेला, अबोला मात्र दोन्ही घरांनी नीट सांभाळला. कोर्टात मी परक्या माणसाच्या वतीने तासभर बोलू शकतो. गडग्यापलीकडच्या म्हाताऱ्याशी स्वतःच्या वतीने काय बोलावे, ते मला सुचेना. अंगणात ते सूप घेऊन बसत, खिडकीत मी बाटली घेऊन उभा राहत असे. ते वर बघत नसत.

शेवटी गोदा म्हणाली, "करंज्या घेऊन जा. करंज्यांशी कोणाचं वैर नसतं."

म्हणून पाडव्याच्या दुपारी पितळी वाडग्यात ओल्या नारळाच्या करंज्या, वर केळीचे पान आणि खिशात पांढरी गुंज घेऊन मी गेलो. अण्णांनी वाडगा घेतला आणि आत बहिणीकडे दिला. बहीण म्हणजे चंद्राबाई. अण्णांची बायको वारल्यावर भावाचे घर सांभाळायला त्या आल्या आणि तेव्हापासून त्यांनी ते घर घासूनपुसून ठेवले होते. मी गुंज कठड्यावर ठेवली. अण्णांनी चष्मा लावला.

"कुठं मिळाली?"

खालापूरच्या वाटेवर, मी सांगितले.

"सगळी नोकरी जंगलात झाली," अण्णा म्हणाले. "मला नाही मिळाली."

शेवग्याचा विषय तिथे संपला. मग अण्णांनी पानाचा डबा काढला. पान त्यांनी कधीच सोडले होते. डब्याच्या खणाखणात बिया होत्या. आम्ही त्या ऊन उतरेपर्यंत बघत बसलो. मी "हे बघा" म्हणत होतो आणि ते खरोखर बघत होते. काय सांगू, मला घरी जावेसेच वाटेना.

उठता उठता अण्णा आत गेले. पेटी उघडल्याचा आवाज आला. येताना त्यांच्या हातात ती बरणी होती. आत वाल होते. तपकिरी, टोकाला लाल ठिपका असलेले.

ते वाल अनसूयाबाईंनी, म्हणजे अण्णांच्या बायकोने, कुंभिवलीच्या माहेराहून आणलेले. विहिरीकाठी दरवर्षी त्यांचा वेल असे. मानमोडीच्या साथीत अनसूयाबाई गेल्या. त्याआधी त्यांनी शेवटच्या शेंगा सोलून ठेवल्या होत्या, तेच हे दाणे. पहिल्या वर्षी अण्णांचे पेरायला मन झाले नाही. नंतर भीती वाटू लागली.

"दर कार्तिकात बरणी काढतो," ते म्हणाले. "म्हणतो, यंदा पेरू. मग वाटतं, पेरले आणि नाही आले, तर काय करू? बरणीत आहेत तोवर आहेत तरी."

दोन दाणे मागायचे माझ्या मनात होते, पण तोंड उघडेना. अण्णांनीच ते ओळखले असावे.

"उद्या सकाळी या," ते म्हणाले. "दोन तुमच्या बाटलीत टाका. बाकीचे विहिरीकाठी लावून द्या. माझ्या हातानं होत नाही. दुसऱ्या कोणाला सांगवत नाही." बरणी त्यांनी सकाळी हाताशी असावी म्हणून पडवीतल्या कोनाड्यात ठेवली.

त्या सकाळी मी गेलो. पुढचे सांगितलेच आहे.

३

अण्णांनी बहिणीला एवढेच सांगितले की अनसूयेची वस्तू चोरीला गेली. मग ते भिंतीकडे तोंड करून निजले. भाऊबिजेच्या ओवाळणीलाही उठले नाहीत.

आता बायकोची वस्तू म्हटल्यावर कोणी वाल समजत नाही. चंद्राबाई नथ समजल्या. त्यांनी ते विहिरीवर सांगितले. दुपारपर्यंत नथीची पुतळ्यांची माळ झाली आणि ती माळ अनसूयाबाईंच्या गळ्यात पाहिलेल्या बायका निघाल्या. एकीला तर तिचा गोफ कुठे उसवला होता तेही आठवत होते. मी तोंड उघडले असते तर सगळे तिथेच मिटते. पण आमच्याकडे सोने गेले म्हणणाऱ्याची अब्रू राहते, वाल गेले म्हणणाऱ्याची राहत नाही. आणि अण्णांनी जे बहिणीला सांगितले नाही, ते मी चव्हाट्यावर कसे सांगणार? मी गप्प राहिलो. वकिलाने गप्प राहिले की लोक त्याला सगळे ठाऊक आहे असे धरतात. आळीने तपास माझ्याकडे दिला. चोर समजला जाणारा आणि तपास करणारा एकच, ही सोय सहसा होत नाही.

आळीला चोर ठाऊकच होता. कशेळ्यापलीकडच्या ठाकरांच्या वाडीवरचा जैतू ठाकूर पाडव्याला अण्णांकडे लाकडे टाकायला आला होता. तो भाऊबिजेनंतर दोन दिवसांनी पुन्हा आला, तसा त्याला पायरीवर बसवून ठेवले. जमादाराला बोलवायचे की आधी आपणच दोन द्यायच्या, यावर ओट्यावर चर्चा चालली होती. चोरी करणारा मोळी घेऊन परत कशाला येईल, हा प्रश्न कोणाला पडला नव्हता. तो वाडीवरचा होता, एवढे पुरेसे होते.

मी त्याच्याशेजारी पायरीवर टेकलो. पाडव्याला काय पाहिलेस, विचारले.

"सोनं कशापाय इचारता, वकीलदादा? सोनं आमी बगितलंय कवा?" जैतू म्हणाला. "चंद्राबायनं फराळ दिला, पानात बांदून. त्यो खाल्ला. चोरीचा माल म्हनाल तर त्यो पोटात हाय."

पडवीत कोणी आले होते का?

"तुमी व्हता. ऊन उतरस्तवर. दोगं काय तरी बोटावर घेऊन बगत व्हता." त्याने जरा विचार केला. "मंग सांजच्याला चंद्राबाय पितळंचा वाडगा घेऊन तुमच्या मागल्या दारी गेल्या. मंग मी ग्येलो. दुसरं कोनी नाय."

मी त्याला सांगितले की मी चोरीबद्दल विचारतो आहे, भांड्यांबद्दल नाही. तो म्हणाला, बरं.

चंद्राबाई स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या राहून बोलल्या. डोळे सुजले होते. वहिनीची नथ कुठे असे तेसुद्धा आपल्याला माहीत नव्हते, आपण कधी विचारले नाही. दिवाळीभर माणसांची ये-जा, साखर पाडव्यालाच संपली, डबे-बरण्या घासून पालथ्या घालता घालता कंबर मोडली, त्यात हे. आणि भाऊ धड जेवत नाही, असे त्या पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. मी त्यांना दागिन्याचेच प्रश्न विचारले. कोनाड्यात पाडव्याला काही किमती ठेवले होते का? त्या म्हणाल्या, कोनाड्यात किमती काही नव्हते.

त्यांनी खरे तेच सांगितले होते. मी निघालो, तर ओट्यावर कोणीतरी म्हणाले की अण्णांचा पुतण्या मधू परवाच्या ऐवजी आजच पुण्याला निघाला आहे. ट्रंक घेऊन.

४

मधू पुण्याच्या शेतकी कॉलेजात शिकत होता. सुट्टीला काकांकडे आला की बियांचे नमुने मागायचा आणि अण्णा द्यायचे नाहीत. म्हणजे हेतू होता. पाडव्याच्या रात्री तो घरातच होता, म्हणजे संधीही होती. मी स्टेशनकडे धावलो. सुदैवाने घाटासाठी गाडीला मागून इंजिने जोडत होते. कर्जतला कोणतीही गाडी घाईने सुटत नाही. मधू खिडकीत बसून चिवडा खात होता.

त्याला सोन्याचे विचारावे असे मनात होते, पण इंजिने कोणासाठी थांबत नाहीत. मी खिडकीचा गज धरला आणि म्हणालो, "मधू, सोनं वगैरे काही नाही. काकांच्या बरणीतले वाल गेलेत."

तो शब्द मोठ्याने उच्चारला तो तिथे पहिल्यांदा. फलाटावर कोणी वळूनसुद्धा पाहिले नाही.

"लाल ठिपक्याचे?" मधूचा हात चिवड्यात थांबला. "काकूंच्या वेलाचे? ते अजून होते? सगळे गेले?"

सगळे.

"सगळे कोण घेईल?" तो म्हणाला. "मी असतो तर दोन घेतले असते, फार तर तीन. काकांना कळलंही नसतं. तुम्हीही तेच केलं असतंत, वकीलकाका. खरं की नाही?"

गाडी सुटली. मी फलाटावर उभा राहिलो. त्या पोराचे म्हणणे बिनतोड होते. ज्याला बियांचा नाद आहे त्याला नमुना पुरतो. ज्याला चोरीचा नाद आहे तो बरणीसकट नेतो आणि वाटेत फेकतो. इथे बरणी जागेवर होती आणि दाणा नव्हता. उलट ती आतून धुतलेली होती. चोरी करून मागे भांडे धुऊन ठेवणारा चोर माझ्या वकिलीत तरी आला नव्हता.

वाल सगळेच्या सगळे कोण घेते? ज्याला ते कुंभिवलीचे वाटत नाहीत, अनसूयाबाईंचे वाटत नाहीत, जपलेले वाटत नाहीत. नुसते वाल वाटतात, असे माणूस. त्या घरात असे एकच होते. अण्णांनी बरणी पेटीत परत न ठेवता कोनाड्यात ठेवली होती. ज्यांना कधी कोणी काही सांगितले नाही, त्या चंद्राबाईंना तिन्हीसांजेला कोनाड्यात एक अनोळखी बरणी दिसली आणि बरणीत वाल. स्वयंपाकघरात शेजाऱ्यांचा वाडगा घासून ठेवलेला. शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत पाठवू नये, हे आमच्याकडे पोरीला चालायच्या आधी शिकवतात. चिमूटभर साखर तरी घालायची. आणि साखर पाडव्यालाच संपली होती.

जैतूने मला वाडग्याचे सांगितले होते. मी त्याला गप्प केले होते.

मी घरी आलो तो मागल्या दाराने. गोदा विळीवर बसली होती. पाडव्याला आपला वाडगा परत आला त्यात काय होते, मी विचारले.

"वाल," ती म्हणाली. "का हो?"

मी दारातच बसलो. बरणी, अनसूयाबाई, विहिरीकाठचा वेल, दर कार्तिकातली भीती, भिंतीकडे तोंड करून निजलेले अण्णा, सगळे सांगितले. मग त्या वालांचे काय केलेस, ते विचारले.

गोदाने विळी आडवी केली, हात धुतले, पदर सारखा केला.

"चला," ती म्हणाली. "तिथंच सांगते."

५

आम्ही पुढच्या दाराने गेलो. गोदाला पाहून चंद्राबाईंनी दार उघडले. अण्णा उठून बसले, तसे मी जे घडले ते थोडक्यात सांगितले. कोर्टात मी इतके थोडक्यात कधी बोललो नव्हतो.

चंद्राबाई खांबाला धरून खाली बसल्या.

"भरल्या घरातून रिकामं भांडं कसं पाठवू रे, दादा?" त्या म्हणाल्या. "मला काय ठाऊक. वालच होते. तू एकदा तरी बोलायचंस."

अण्णांनी त्यांच्याकडे पाहिले. रागावले नाहीत. बहीण या घरात आल्यापासून त्यांनी तिला कशाबद्दलच काही सांगितले नव्हते, हे बहुधा त्यांच्या तेव्हा ध्यानात आले. मग त्यांनी गोदाकडे तोंड वळवले. मला वाटले, आता विचारतील, उरलेत का. त्यांनी ते विचारले नाही.

"भिजत घातलेत?"

"हो," गोदा म्हणाली. "त्याच रात्री."

"मोड आले?"

बाहेर जैतू पायरीवर बसला होता, तोही इकडे बघत होता.

"आले की," गोदा म्हणाली. "चांगले आले. फडक्यात बांधून ठेवले, तर दुसऱ्या सकाळी फडकं उचलून धरलं होतं त्यांनी."

"सगळ्यांना?"

"एखाद-दुसरा राहिला असेल. तेवढा कुठंही राहतो."

अण्णांनी डोळे मिटले.

"इतकी वर्षं बरणीत होते," ते म्हणाले. "म्हणजे वेल झाला असता."

"झाला असता."

"बिरडं केलंत?"

"केलं."

"कडू झालं होतं?"

"किंचित," गोदा म्हणाली. "नारळ जरा जास्त घातला."

"तीसुद्धा घालायची," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता. पडवी लोटून झाली का असे विचारावे तसा. "निदान कोणीतरी खाल्लं. पोटात गेलं ते बरं झालं. मी मेल्यावर हिनं बरणी उकिरड्यावर ओतली असती." चंद्राबाईंनी नाही म्हणून मान हलवली, पण ते खरे होते आणि त्यांनाही ते पटले होते.

मग त्यांनी बहिणीला जेवणाची पाने घ्यायला सांगितले. जैतूलाही आत बोलावून पडवीत बसवले. आळीतले लोक ओट्यावर वाट बघत होते. त्यांना मी सांगितले की माळ सापडली. त्यांना ते आवडले नाही. मी निघताना अण्णा म्हणाले, "वकीलसाहेब, उद्या या. तुमच्या बाटल्या घेऊन या. सगळ्या." मी दोन वर्षे खिडकीत उभा राहून जे ऐकायची वाट पाहिली होती, ते हेच होते. मी नुसते "येतो" म्हणालो. अण्णा दारात उभे राहून विहिरीच्या बाजूला बघत होते. तिथे आता नुसती शेवाळलेली कड होती, पण ते बघत होते तसे कोणी रिकाम्या जागेकडे बघत नाही.

गडग्याला वळसा घालून आम्ही आमच्या अंगणात आलो. या दिवाळीत घरी बिरडे झाल्याचे मला काही आठवेना. तसे मी गोदाला म्हटले.

"झालं नाही," ती म्हणाली. "एकालाही मोड आला नव्हता. कालच म्हशीला घातले. तिनं तोंड लावलं नाही."